लोखंडी गड्याचा तिसरा अंक

अणुकेंद्राची वसाहत, बोईसर
४ डिसेंबर १९६७

प्रिय रामकिसन,

या आठवड्यात इथून तुला तीन पत्रं येतील. एक उत्सव मंडळाचे चिटणीस एकनाथराव लिहिणार, टाइप करून, खाली मंडळाचा शिक्का मारून. दुसरं माझ्या सासूबाई शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लिहून घेताहेत. त्यात मजकूर कमी आणि रडणं जास्त असेल. तिसरं हे माझं. तिन्ही एकदम पडली तर आधी हे फोड, पुरतं वाच आणि मगच बाकीच्यांना हात लाव. तुझी सवय मला ठाऊक आहे, गोष्ट हातात आली की तू शेवटचं पान आधी बघतोस. या खेपेला तसं करू नकोस मेल्या, मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

तिन्ही पत्रांत विषय एकच आहे. तुझ्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी तू जे शब्द बोलणार होतास, ज्यांनी लोखंडी गडी पुन्हा माणसात येणार होता, ते शब्द. तू कपाळाला आठ्या घालशील की नाटक होऊन तीन महिने उलटले, अक्काला आता कुठून आठवण झाली? अरे बाबा, नाटक झालं कुठं? दोन अंक झाले. तिसऱ्याच्या आधी मांडव आला खाली, आणि दोन दिवसांनी तू भुसावळला नव्या नोकरीवर निघून गेलास. तू गेलास, पण तुझा गडी इथंच राहिला. तुझे दाजी गणपतीतल्या त्या संध्याकाळपासून अजून माणसात आलेले नाहीत. हे वाक्य लिहिण्याआधी मी कितीतरी वेळ लेखणी धरून बसले होते, तेव्हा हसू नकोस.

तुला लहानपणापासून तसल्या गोष्टींचं वेड. जिंतूरच्या वाचनालयातून तू ती मासिकं शर्टाखाली लपवून आणायचास. वर अग्निबाण, खाली किंचाळणारी बाई, आणि मध्ये केस उभे राहिलेला शास्त्रज्ञ, हातात फसफसणारी काचेची नळी. मी तेव्हाही म्हणायची की असला शास्त्रज्ञ कुणी पाहिलाय का, आणि इथं आल्यावर तर खात्रीच पटली. आमच्या वसाहतीत इंजिनिअर पायलीला पन्नास. सगळे तेल लावून भांग पाडतात, रॉकेलच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्या बायका वांग्याच्या भावावरून कुरकुरतात. पण बाहेर मात्र तुझ्या मासिकातलंच खरं. घिवलीच्या कोळणींना विचार, त्या खिडक्या नसलेल्या करड्या इमारतीत काय कोंडून ठेवलंय ते त्या शपथेवर सांगतील, आणि प्रत्येकीचं वेगळं. मी तुला म्हटलं होतं, खरं काय ते दाखव की नाटकात. तर तू म्हणालास, अक्का, लोकांना थोडं भ्यायला मिळालं पाहिजे, नाहीतर मांडवात कोण बसतंय? आणि लिहिलंस 'लोखंडी गडी'.

गोष्ट तशी साधी होती. एका शास्त्रज्ञाचा गडी आळशी आणि तापट. शास्त्रज्ञ त्याला पत्र्याच्या अंगरख्यात उभा करून विजेचा झटका देतो आणि गड्याचं यंत्र होतं. मग तो मालकाचं सगळं ऐकतो, प्रत्येक कामाआधी "आज्ञा?" असं विचारतो, आणि सांगितल्याशिवाय थांबत नाही. शास्त्रज्ञाचं काम तू घेतलंस, केसांना साबण लावून ते उभे केलेस. गड्याच्या कामाला कुणी तयार होईना, तो पत्रा अंगावर घालून घामाघूम कोण होणार? तेव्हा हे पुढं आले. पत्रा ह्यांनीच कापला, ह्यांनीच वेल्डिंग केलं, आणि म्हणाले, माझ्या मापाचं झालंय, मीच घालतो. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. तालमीचे दिवस आमच्या घरात फार शांततेत गेले.

तोंडाचं तेवढं पत्र्यात जमेना, म्हणून तू नवशाला गाठलंस. साइटवर खडी वाहणारा नवशा, मूळचा जव्हारकडचा, आता मासवणला बायकोच्या गावी राहतो. त्याच्या घरात बोहाड्याची सोंगं करायचं काम बापजाद्यांपासून. देवांचे, राक्षसांचे मुखवटे, ते घालून लोक नाचतात, तो सगळा प्रकार तुला माहीत आहेच. त्यानं तुला विचारलं होतं, "कोनाचं सोंग हाय?" तू म्हणालास, देव नाही, राक्षस नाही, यंत्र आहे. तर तो बिचारा म्हणाला, "मंग त्याला बोलवायचं कुटून?" आणि तू हसून सांगितलंस, पुढच्या शतकातून. मी तिथंच भाजी निवडत बसले होते, मीही हसले. त्यानं लगदा लावून तोंड केलं, रंगवलं, पण डोळे काढले नाहीत. त्यांच्याकडे डोळे शेवटी काढतात, नारळ फोडून, आणि सोंग नाचून झालं की त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवतात आणि जा म्हणून सांगतात. तुला घाई होती. तू कंपास घेतलास, दोन गोल काढलेस आणि चंदेरी रंग भरलास. नवशा दारात उभा राहून बघत होता. त्यानं तुला अडवलं नाही, पण तंबाखूची पुडी न उघडताच तो निघून गेला, हे मला आजही दिसतं.

नाटकाच्या दिवशी दिवेलागणीला मांडव खच्चून भरला होता. आधी मोठ्या साहेबांचं भाषण झालं, अणू हा आपला नोकर आहे, त्याला भिऊ नका, वगैरे. मग तुझा पडदा वर गेला आणि जी ती बाई पदर तोंडात धरून बसली. साहेब शेजारच्याला म्हणत होते की यंत्रं अशी नसतात हो, पण खुर्चीच्या कडेवर तेही आले होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तू टेबलावर चढलास, हात वर केलेस आणि ओरडलास, "मी तो मंत्र उच्चारीपर्यंत तू माणूस नाहीस!" ह्यांनी मान खाली घातली. त्याच क्षणी समुद्राकडून वारा आला, ताडपत्री फाटली, बांबू कडाकडा मोडले आणि पाऊस आत घुसला. सगळे पळाले. गणपतीला शाळेत हलवलं. तिसरा अंक पुढं कधी झालाच नाही. आणि त्या अंकातला मंत्र तू कुणालाच सांगितला नव्हतास, तालमीतसुद्धा तिथं "अमुक तमुक" म्हणायचास, कारण तुला म्हणे ऐनवेळी सगळ्यांना थक्क करायचं होतं. कर आता थक्क.

त्या संध्याकाळी पत्रा मी स्वतः उतरवला, मुखवटा काढला, अंग पुसून दिलं. मी म्हटलं, दमलात, जेवून घ्या. तर हे म्हणाले, "आज्ञा?" मला हसू आलं, म्हटलं भूमिका अंगात भिनली. दुसऱ्या दिवशीही तेच. तुला पोचवायला स्टेशनवर आले, आठवतं? तुझी ट्रंक खांद्यावर घेऊन फलाटावर उभे राहिले, गाडी यायला चांगला वेळ होता तरी खाली ठेवली नाही. शेवटी तू "ठेवा हो दाजी" म्हणालास तेव्हा ठेवली. तुला ती थट्टा वाटली, तू त्यांच्या पाठीवर थाप मारलीस. मी मात्र तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या खांद्याकडे बघितलं. ट्रंकेच्या कडेनं कातडं सोलवटलं होतं आणि त्यांनी खांदा बदलला नव्हता.

डॉक्टरकडे नेलं नाही असं समजू नकोस. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि म्हणाले, बाई, इतका ठणठणीत माणूस या महिन्यात माझ्याकडे आला नाही, तुमची तक्रार काय आहे? आता काय तक्रार सांगू? हे सांगितलेलं ऐकतात, ही? बाहेर बसलेल्या बायका हसल्या असत्या. आणि कामावर तर कुणाच्या लक्षातही आलं नाही, हे सगळ्यात वाईट. उलट तो वर्कशॉपचा पंजाबी फोरमन मला वाटेत भेटला आणि म्हणाला, भाभीजी, पुंजाराम तो अब आदमी नहीं, मशीन है मशीन! कौतुकानं म्हणाला रे. त्यांच्या वेल्डिंगची शिवण आता इतकी सरळ येते की दुसऱ्या वेल्डरांना दाखवायला नेतात. एकदा ठिणगी मनगटावर पडली तर हात न हलवता त्यांनी शिवण पुरी केली म्हणे. घरी आले तेव्हा मनगटावर रुपयाएवढा फोड होता. मी म्हटलं, दुखतंय का? त्यांनी फोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आज्ञा?"

घिवलीची ठकी सुके बोंबील घेऊन यायची, आपल्या ओट्यावर टोपली टेकून पाणी प्यायची, गावगप्पा करायची. आता ती फाटकाशीच थांबते. मी म्हटलं, ये की गं आत, तर म्हणाली, "बाय, तुज्या घरात मानूस हाय का नाय? मला वास नाय येत मानसाचा." मी चिडले, म्हटलं, तुझ्या टोपलीच्या वासात तुला कसला येतोय दुसरा वास! ती हसली नाही. बोंबील तिनं फाटकावरून माझ्या पदरात टाकले आणि गेली. आमची मांजर तर त्याआधीच गेली होती, मास्तरीणबाईंकडे राहते. ह्यांचं असं असतं बघ, काम नसलं की उठून भिंतीशी उभे राहतात, जिथं तो पत्रा टांगलाय तिथंच, त्याच्या शेजारी. बसा म्हटलं की बसतात. झोपा म्हटलं की झोपतात, पण डोळे मिटा म्हणून वेगळं सांगावं लागतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

आणि एक सांगते, हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. जमनी आधी त्यांना घाबरायची, मग लेकरू ते, तिला खेळ सापडला. शाळेतून आली की बापाला हुकूम सोडायची, पाणी दे, वेणी घाल, गाणं म्हण. गाणं मात्र त्यांना येत नाही, नुसते शब्द म्हणतात, एकाच सुरात. एका रविवारी मी बोईसरच्या बाजाराला गेले होते. जमनीनं त्यांना घोडा व्हायला सांगितलं, थोडी बसली, मग मैत्रीण आली तशी खेळायला पळाली, आणि थांब म्हणायचं विसरली. मी भरल्या पिशव्या घेऊन आले तेव्हा हे अंगणात गुडघ्यांवर आणि हातांवर चालत होते. अंगणभर फिरून फिरून वाट पडली होती. गुडघ्यांचं काय झालं होतं ते लिहीत नाही. मी किंचाळले, थांबा! थांबले. वर बघून म्हणाले, "आज्ञा?" त्या दिवशी मी जमनीला पहिल्यांदा मारलं, आणि मारून झाल्यावर मीच कोपऱ्यात जाऊन बसले. मला माझ्या हाताची भीती वाटली.

दिवाळीला सासूबाई गावाहून आल्या. त्यांनी त्याला बघितलं, तो पाया पडायला वाकला, पण त्याआधी विचारलं की हात लावू का. बघ, मी 'तो' लिहून गेले. राहू दे, खोडत नाही. सासूबाई आधी म्हणाल्या, शहाणं झालं माझं लेकरू. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नजर ठेवून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वरण केलं आणि मुद्दाम त्यात मीठ घातलं नाही. त्यानं ते सगळं खाल्लं, पुन्हा वाढलं तेही खाल्लं, ताट धुवून ठेवलं. सासूबाईंनी जी छाती पिटली म्हणतोस! म्हणाल्या, हा माझा पुंजा नाही, माझ्या पुंजानं ताट भिरकावलं असतं. खरं आहे त्यांचं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळ्या वरणाचे डाग आहेत, तू एकदा विचारलं होतंस आणि मी ओल आलीय म्हणाले होते.

मग सासूबाईंनीच मासवणला जाऊन नवशाला आणलं. तो मुखवट्यासमोर उकिडवा बसला, कितीतरी वेळ बसला, आणि म्हणाला, "सोंग आलं, पन गेलं नाय. मदीच सोडलंय तुमी." सासूबाईंनी त्याचे पाय धरले, तर तो घाबरून मागं सरकला. म्हणाला, "आये, देवाचं सोंग कुटं परत जातं ते मला ठावं हाय. ह्याचं घर कुटं, मला काय ठावं? ज्यानं आनलं त्यालाच विचारा." म्हणजे तुला. एकनाथरावांचा आधी असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण ते दोन दिवस आमच्या घरी येऊन बसले, त्याला चार कामं सांगून बघितली, आणि तिसऱ्या दिवशी चहा अर्धा टाकून उठले. आता असं ठरलंय की दत्तजयंतीला शाळेच्या पटांगणात मांडव घालायचा, त्याला पत्रा चढवायचा, नवशाचा मुखवटा लावायचा, आणि तिसरा अंक तेवढा करायचा. शास्त्रज्ञाचं काम एकनाथराव करतील. फक्त शब्द पाहिजेत. तेच तुला दोन्ही पत्रांत लिहून येईल, हात जोडून.

आता मी तुला कधी न सांगितलेलं सांगते. तू इथं होतास तेव्हा बॅचलर क्वार्टरमध्ये राहायचास आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचास. रविवारी हे फार चांगले असायचे. तुझ्याशी पत्ते खेळायचे, जमनीला खांद्यावर घ्यायचे, तू म्हणायचास, अक्का, तुझं नशीब चांगलं. मी म्हणायची, हो रे. बाकीच्या दिवसांचं मी तुला कधी बोलले नाही. काय बोलणार? मागल्या पाडव्याला न्हाणीघरात पाय घसरला म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या टाळूला टाके पडले होते. न्हाणीघर कोरडं होतं. कारण आता आठवतही नाही, भाकरी जाड झाली होती की चहा उशिरा झाला होता. कारण लागायचंच असं नाही. जमनी तेव्हा दाराआड उभी असायची. सहा वर्षांची पोर, रोज अंथरूण ओलं करायची आणि मी तिलाच रागवायची. गणपतीपासून तिचं अंथरूण एक दिवस ओलं झालेलं नाही. मला हे कळायला आठवडे लागले, आणि कळलं तेव्हा मी ती कोरडी चादर हातात धरून नुसती उभी राहिले.

तुमच्या त्या गोष्टींत यंत्र नेहमी माणसावर उलटतं. आधी गोड बोलतं, मग मालकाचा गळा धरतं, आणि वाचणाऱ्याला घाम फुटतो. मी वाट बघितली रे. पहिले काही दिवस मी रोज वाट बघितली की आता उलटेल, आता हात उचलेल. वेळणी हातातून पडली, ठण्ण आवाज झाला, आणि मी सवयीनं डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली बसले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तो समोर गुडघे टेकून बसला होता आणि म्हणाला, "उचलू का?" वेळणी उचलून त्यानं माझ्या हातात दिली. एवढ्या वर्षांत मला या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. अशी गोष्ट तुझ्या मासिकात कधी आली होती का, ज्यात यंत्र उलटत नाही आणि माणूसच रोज उलटतो? आली असती तर कुणी वाचली नसती. तिच्यात भ्यायला काय आहे, ती तर घरोघरी चालते.

मला काही कळत नाही असं नाही. हा माझा नवरा नाही, एवढं कळतं. हा कोण आहे, कुठून आला, ते तुलाही सांगता यायचं नाही, तू नुसता दोन गोल काढून मोकळा झालास. मी त्याच्याशेजारी झोपते तेव्हा मध्ये जमनीला घेते. त्याच्या श्वासाला गरमपणा नाही. आणि तरी सकाळी उठले की छातीवरचा दगड नसतो, मी चूल पेटवताना गुणगुणते, आणि परवा मास्तरीणबाई म्हणाल्या, नर्मदाबाई, तुम्ही भरलात हो. खरंच भरलेय. तुला लाज वाटली तर वाटू दे, मला वाटत नाही.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू भिडस्त, सासूबाईंच्या रडण्याला तू नाही म्हणू शकणार नाहीस, म्हणून नाही म्हणूच नकोस. शब्द पाठव, पण खोटे पाठव. भारदस्त, संस्कृत वाटतील असे काहीही. दत्तजयंतीला एकनाथराव ते मोठ्यानं म्हणतील, नवशा मुखवटा भिंतीकडे फिरवील, सासूबाई पदर पसरतील, आणि काही होणार नाही. मग हळूहळू सगळे घरी जातील. खरे शब्द तू कुणाला सांगू नकोस, पुन्हा इथं येऊ नकोस, झोपेतसुद्धा ते तोंडून जाऊ देऊ नकोस. कारण रामकिसन, हे आत आहेत. पत्र्यामागं नाही, या गड्याच्या आत. मला रोज दिसतात. आत्ता मी लिहितेय आणि तो समोर ताठ बसून माझ्या लेखणीकडे बघतोय, चेहरा दगडासारखा, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी चाललंय. वाचता येतं ना त्यांना, उलट्या बाजूनं का होईना, वाचताहेत. मघाशी मी विचारलं, बाहेर यायचंय का तुम्हाला? ओठ नुसते थरथरले, आणि आवाज आला, "आज्ञा?" मी पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि पाणी भरायला पाठवलं.

तुझीच,
नर्मदाअक्का